टाटा की लेलँड?

आमच्या गावाकडच्या एका मुलाला नुकतंच हेवी लायसन्स मिळालं. चार वर्षं किन्नर म्हणून मागच्या टायरला हातोडी मारत फिरला, आता स्टिअरिंग हातात येणार. मला भेटल्या भेटल्या विचारतो, "दादा, तू इंजिनिअर ना, मग सांग. टाटा बरा का लेलँड?" आता माझा धंदा सॉफ्टवेअरचा, तेव्हा माझं ट्रकविषयीचं ज्ञान हायवेवर त्यांच्या मागे अडकून हॉर्न वाजवण्यापुरतंच. पण प्रश्न भारी होता. दोन-तीन वीकेंड त्यावर वाचत बसलो आणि लक्षात आलं, की हा प्रश्न साठ-सत्तर वर्षं जुना आहे आणि एवढ्या वर्षांत तो ड्रायव्हरच्या बाजूने फारसा कुणी विचारलेलाच नाही.

तर मंडळी, सुरुवात मुंबईपासून. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ साली गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, तेव्हापासून आपल्याकडे ट्रक म्हणजे शेव्हरोले, फोर्ड, डॉज असा अमेरिकन मामला होता. पेट्रोलवर चालणारे, लांब नाकाचे. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला क्रायस्लरच्या मदतीने डॉज आणि फार्गो बनवत होती, तिकडे बंगालात हिंदुस्थान मोटर्स होती. मग सरकारने १९५३ साली ठरवलं, की जो इथे खरोखर उत्पादन करेल त्यानेच राहावं, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी घरी जावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. मैदान मोकळं झालं आणि त्यात दोन पैलवान उतरले.

पहिला टेल्को. १९४५ साली जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवायला निघालेली कंपनी. तिने १९५४ साली डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. दुसरा अशोक लेलँड. १९४८ साली रघुनंदन सरन यांनी अशोक मोटर्स काढली ती मद्रासजवळ एन्नोरला ऑस्टिन मोटारी जोडायला. पुढे इंग्लंडच्या लेलँडशी सूत जमलं आणि १९५५ साली नाव झालं अशोक लेलँड. म्हणजे बघा, एकाचा आजा जर्मन, दुसऱ्याचा इंग्रज. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

जर्मनांनी गाडीला नाव दिलं आकड्यांचं. १२१० म्हणजे बारा टन आणि शंभर हॉर्सपॉवर. १६१२ म्हणजे सोळा टन, एकशेवीस. आपल्या सगळ्यांचा लाडका ४०७ (१९८६ साली आला, जपानी मिनीट्रक येऊन धडकले होते तेव्हा) म्हणजे चार टन, सत्तर घोडे. अक्षरंसुद्धा जर्मनच. एलपीके मधला के म्हणजे किपर, जर्मन भाषेत टिपर. एलपीएस मधला एस म्हणजे खोगीर, ज्यावर ट्रेलर बसतो तो. बसच्या चेसीवरच्या एलपीओ मधला ओ म्हणजे ऑम्निबस. करार १९६९ साली संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला, त्या जागी इंग्रजी टी आला, पण ही परिभाषा तशीच राहिली. आजही खाणीवरचा ड्रायव्हर 'एलपीके' म्हणतो तेव्हा तो नकळत जर्मन बोलत असतो. :)

इंग्रजांनी मात्र नावं दिली राणीच्या बागेतली आणि आकाशातली. कॉमेट, बीव्हर, हिप्पो, पुढे आपल्याकडे टस्कर, टॉरस. ऐकायला एकदम झकास, पण नावावरून टन किती ते कळणार नाही.

इंजिनांच्या नावांतही हेच. टाटाचं ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर. स्ट्रोक अनुक्रमे १२० आणि १२८. शाळेतलं सूत्र लावून घनफळ काढून पाहिलं, ४७८६ आणि ५६७५ सीसी येतं. गंमत म्हणजे ९७ गुणिले १२८ ही बेंझच्या ओएम ३५२ या इंजिनाचीही मापं. तारा गेला तरी वंशावळ कुठे जाते! लेलँडची इंजिनं मात्र ३७०, ४००, ६८०. हे घन इंच. ३७० म्हणजे सहा लिटरच्या किंचित वर, ६८० म्हणजे अकरा लिटरचा राक्षस.

आता यातून ड्रायव्हर लोकांमधला जुना वाद उलगडतो. जुन्या ड्रायव्हरांना विचाराल तर सांगतील, घाटात ओढायला लेलँड आणि डिझेल वाचवायला टाटा. ही नुसती भक्ती नाही. कॉमेटचं ३७० आणि टाटाचं ६९२ शेजारी ठेवा, लेलँडचं पोट जवळपास सव्वापट. मोठं पोट म्हणजे कमी फेऱ्यांवर जास्त ताकद, गिअर न पाडता चढ निघतो. पण मोठं पोट खातंही जास्त. दक्षिणेत लेलँडचं राज्य आणि उत्तर-पश्चिमेला टाटाचं, याचं कारण मात्र इंजिनापेक्षा साधं आहे. ज्याचा सुटा भाग आणि मिस्त्री रात्री दोन वाजता फाट्यावर मिळतो तो ट्रक चांगला. (आमच्या धंद्यात तरी वेगळं काय आहे? ज्या भाषेचा माणूस बाजारात मिळतो तीच भाषा उत्तम.)

पण हे सगळं झालं मालकाचं गणित. ॲव्हरेज किती, जादा माल टाकला तर कमानपाटे तुटतात का, पाच वर्षांनी विकला तर किती येतील. ओव्हरलोड हा तर एवढा गृहीत होता, की कंपन्याही पाटे त्या हिशेबाने दणकट देत. २००५ साली सुप्रीम कोर्टाने ओव्हरलोडच्या परवानग्या बंद केल्या तेव्हा कुठे त्याला आळा बसायला लागला. २०१८ साली सरकारने कायदेशीर मर्यादाच वाढवली, दोन आसांचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ वर आणि तीन आसांचा २५ वरून २८.५ वर गेला.

मी गंमत म्हणून एक हिशेब केला. नावातल्याच आकड्यांवरून दर टनामागे घोडे किती? १२१० ला ८.३ येतात. १६१२ ला साडेसात. २५१५ ला सहा. ४०१८ नावाच्या ट्रॅक्टर-ट्रेलरला साडेचार! म्हणजे आकडे फुगत गेले तसा टनामागचा जोर कमी होत गेला. युरोपात चाळीस टनांना चारशेच्या वर घोडे जुंपतात, टनामागे दहा. साडेचार घोड्यांवर चाळीस टन घेऊन बोरघाट चढणाऱ्या माणसाचं काय होत असेल? मागे हॉर्न वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांना वाटतं, हा मुद्दाम हळू चालवतोय. तो बिचारा दुसऱ्या गिअरवर रडत असतो. आणि उतरताना उलट पंचाईत, इंजिन छोटं म्हणजे इंजिनाचा ब्रेकही छोटा.

आता मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलेली गोष्ट. टाटा की लेलँड ही तुलना ड्रायव्हरपुरती अर्धी निरर्थक होती, कारण ड्रायव्हर ज्या केबिनमध्ये बसायचा ती ना टाटाची होती ना लेलँडची. कंपनी विकायची ती बहुधा नुसती चेसी. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि समोर पत्र्याचा एक मुखवटा. दार नाही, छप्पर नाही. अशा उघड्या चेसी जमशेदपूरहून डीलरपर्यंत चालवत नेणारे, तोंडाला फडकं बांधलेले ड्रायव्हर आपण सगळ्यांनी हायवेवर पाहिलेत. पुढे मालक ती नामक्कल, सरहिंद नाहीतर जवळच्या गॅरेजात न्यायचा, आणि तिथले सुतार-लोहार लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून केबिन करायचे. मालकाला स्वस्त पडायचं, हौदाही हवा तसा मिळायचा. म्हणजे जर्मनीचं इंजिन, इंग्लंडचा गिअरबॉक्स यांवर जी तुलना चालायची ती डॅशबोर्डपाशी संपायची. ड्रायव्हरची पाठ, गुडघे आणि अपघातात त्याचा जीव, हे सगळं सुताराच्या हवाली.

त्यात लांब नाक गेलं. पहिल्या टाटा-मर्सिडीजला ऐसपैस बॉनेट होतं, इंजिन ड्रायव्हरच्या पुढे. पण तेवढ्याच लांबीत हौदा मोठा हवा, म्हणून ड्रायव्हर हळूहळू पुढे सरकत इंजिनाच्या वरच येऊन बसला. १२१० ची 'सेमी-फॉरवर्ड' चेसी म्हणजे मधली पायरी, इंजिन अर्धं बाहेर आणि अर्धं केबिनमध्ये. सपाट तोंडाच्या गाडीत ते पूर्ण आत. चालक आणि किन्नर यांच्यामध्ये जो गरम उंचवटा असतो, ज्यावर पोरं चादर टाकून झोपतात, ते इंजिनाचं झाकण. विदर्भात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, शेजारी ही भट्टी. समोरून काही आदळलं तर पहिले पाय ड्रायव्हरचे. हौदा चार फूट मोठा झाला त्याची किंमत कुणी दिली, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

कायदा नव्हता असं नाही. मोटर वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा होता, दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आणि आपल्याकडे बहुतेक ट्रकमालकांकडे एक, दोन, फार तर तीन गाड्या. झालं! कायदा नाक्यावरूनच परत.

बदल आला तो बाहेरून. व्होल्वोने १९९८ साली बंगळूरजवळ होसकोट्याला ट्रक बनवायला घेतले. एसी केबिन, झोपायला बंक, हवेवर तरंगणारी सीट. किंमत ऐकून मालक उठून जायचे, पण इथल्या कंपन्यांना आरसा मिळाला. टाटाने २००४ साली कोरियातली देवूची ट्रक कंपनी घेतली आणि त्यातून २००९ साली प्रायमा आली, कंपनीची स्वतःची धड केबिन घेऊन. महिंद्राने नॅव्हिस्टारबरोबर चाकणला कारखाना काढला, पुढे भागीदार गेला, ट्रक राहिले. मान आली आणि २०१८ साली गेलीही. २०१२ साली डाइमलर परत आली, ओरगडमला, भारतबेंझ नावाने. तिचे पहिले ट्रक होते २५२३, ३१२३, तीच टन-घोडे पद्धत. दरम्यान लेलँडनेसुद्धा प्राणी सोडून १६१६, २५१६ अशी नावं घ्यायला सुरुवात केली होती. म्हणजे आज बऱ्याच ट्रकवरचा आकडा वाचता येतो, आणि तो जर्मन आजोबांच्या पद्धतीनेच वाचायचा. नव्या ड्रायव्हरने पहिलं काम हेच करावं. शेवटच्या दोन आकड्यांना दहाने गुणून पहिल्या दोनने भागावं. पाचच्या खाली आलं तर घाटातल्या खेपेचा वेळ मालकाला आधीच वाढवून सांगावा.

गिअरची गोष्टही बदलली. जुन्या पेटीत डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडायचा नाही. क्लच, न्यूट्रल, रेस, पुन्हा क्लच. उस्ताद लोक आवाजावरून गाडीचा वेग सांगायचे. मग सिंक्रोमेश आला (लेलँडच्या पेट्या आपल्या भंडाऱ्यात बनतात, हे मला आत्ता कळलं), आणि आता काही गाड्यांना क्लचचं पेडलच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर तर डिझेलशिवाय युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आली. ती रिकामी झाली की कॉम्प्युटर इंजिनाचा जोर उतरवतो. फाट्यावरचा मिस्त्री हातोडी घेऊन काही करू शकत नाही, लॅपटॉपवालाच लागतो. सत्तर वर्षं ज्या एका गोष्टीवर टाटा आणि लेलँड जिंकत आले, कुठेही मिळणारा मिस्त्री, तिचीच किंमत उतरली. म्हणून मी त्या मुलाला सांगितलं, कंपनी मालक ठरवणार, त्यात तुझं काही चालणार नाही. तू विचार की केबिन कंपनीची का गॅरेजची, सीट मागेपुढे सरकते का, बंक आहे का, आणि त्या रूटवर कंपनीचं वर्कशॉप किती किलोमीटरवर. नाव कुठलंही असू दे.

एसीचा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तोही सुटायला लागलाय. २०२३ साली नितीन गडकरी यांनी ड्रायव्हर त्रेचाळीस-सत्तेचाळीस डिग्रीत गाडी चालवतात हे जाहीरपणे बोलून दाखवलं, आणि त्याच वर्षी नियम आला, २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची. जुने ट्रक मात्र अजून दहा-पंधरा वर्षं तसेच धावणार, आणि नव्या ड्रायव्हरच्या हातात पहिल्यांदा कुठला मालक नवा ट्रक देतो?

जाता जाता, टाटाने बॅटरीवर चालणारे जे प्रायमा दाखवले त्यांची नावं वाचली. ई-२८के आणि ई-५५एस. अठ्ठावीस टन आणि पंचावन्न टन. घोड्यांचा आकडा नावातून गेला. डिझेल इंजिनच नाही, त्यामुळे बुडाखालची भट्टीही गेली. के आणि एस मात्र आहेत तिथेच आहेत.