कंदील ते लिथियम : वऱ्हाडातील सोबत नेण्याच्या विजेचा इतिहास

प्रस्तावना

विजेचा इतिहास सर्वसामान्यतः वीजकेंद्रे, मनोरे आणि तारा यांच्या आधारे लिहिला जातो. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची १९६० मधील स्थापना किंवा अकोला जिल्ह्यातील पारस येथील औष्णिक वीजकेंद्र यांना त्या इतिहासात योग्य ते स्थान मिळालेले आहे. परंतु तार जेथे पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही गरजेच्या वेळी जिच्यात वीज नसते, तेथील माणसाने उजेड आणि शक्ती सोबत कशी नेली, याची नोंद क्वचितच घेतली जाते. वाहनातील व तंबूतील विजेचे साधन म्हणून आज लिथियम बॅटरीची चर्चा होते, ती बहुधा हौशी प्रवाशांच्या संदर्भात. वऱ्हाडात मात्र ही गरज हौसेतून निर्माण झालेली नाही. शेतातील जागल, पायी वारी, मेळघाटातील जंगलमुक्काम आणि रात्रीचे ओलित यांतून ती उद्भवली. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर वाहून न्यावयाचे ओझे हलके झाले. परंतु साधन पुन्हा भरण्याची आणि निकामी झाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी दर वेळी नव्या स्वरूपात उभी राहिली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मुक्काम आणि उजेड

घराबाहेर रात्र काढणे हा वऱ्हाडातील जीवनाचा जुना भाग आहे. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर येथून पंढरपूरला जाणाऱ्या रुक्मिणीमातेच्या पालखीची परंपरा चार शतकांहून अधिक काळाची सांगितली जाते. शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी पंढरपूरला जाते व पारस, अकोला या मार्गाने पुढे सरकते. अशी पालखी म्हणजे रोज उठणारे आणि रोज नव्या गावी वसणारे एक लहानसे गावच होय. त्या गावाला रात्री उजेड लागतो, भजनासाठी ध्वनिक्षेपक लागतो. शेतकऱ्याचा मुक्काम याहून एकाकी असतो. रानडुकरांपासून हरभरा, मका किंवा भुईमूग राखण्यासाठी तो मळ्यातील माळ्यावर रात्र जागून काढतो. या सर्वांची सोबत दीर्घकाळ कंदील व गॅसबत्ती यांनी केली. दोन्हींचे इंधन रॉकेल होते आणि ते गावातच मिळत असे. त्यामुळे दिवा भरण्यासाठी कोणत्याही तंत्रज्ञावर अवलंबून राहावे लागत नसे.

कोरडा घट आणि ‘बॅटरी’ हा शब्द

फ्रेंच संशोधक जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त व मँगनीज डायऑक्साइड यांवर आधारलेला विद्युतघट तयार केला. त्यातील द्रव आटोपशीर करून १८८६ मध्ये कार्ल गासनर यांनी कोरडा घट सिद्ध केला. यातूनच पुढे हातात धरण्याचा विजेचा दिवा शक्य झाला. मराठी बोलीने या दिव्यालाच ‘बॅटरी’ म्हटले आणि आतील घटांना ‘सेल’. हा शब्दबदल सूचक आहे. ग्रामीण माणसाची साठविलेल्या विजेशी पहिली ओळख उजेडाच्या रूपाने झाली, म्हणून साठवणीच्या साधनाचे नाव उजेडाच्या साधनाला चिकटले.

नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. पुढे ट्रान्झिस्टरचा प्रसार झाल्यावर हेच सेल तार नसलेल्या गावात बातम्या आणि बाजारभाव घेऊन गेले. मात्र सेल एकदाच वापरता येत असे. संपलेला सेल उकिरड्यावर जाई आणि नव्यासाठी रोख पैसे मोजावे लागत. रॉकेलाची जागा अशा रीतीने पूर्णपणे बाजारावलंबी वस्तूने घेतली.

शिसे-आम्ल बॅटरीचा काळ

पुन्हा भरता येणारी पहिली व्यवहार्य बॅटरी गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल हे तिचे घटक होत. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धत शोधल्याने तिचे औद्योगिक उत्पादन सुलभ झाले. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर बसविण्यात आला आणि शिसे-आम्ल बॅटरी मोटारगाडीचा अविभाज्य भाग बनली.

वऱ्हाडात ही बॅटरी ट्रक, जीप व ट्रॅक्टरबरोबर आली, परंतु वाहनापुरती राहिली नाही. ट्रॅक्टरची बॅटरी काढून लग्नमंडपात किंवा कीर्तनात ध्वनिक्षेपकाला जोडणे ही सर्वपरिचित गोष्ट होती. बॅटरी ‘चार्जिंगला टाकणारी’ दुकाने तालुक्याच्या गावी उभी राहिली. २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टरने तिला घरात आणले. शेतात पाठीवरच्या फवारणी पंपाला आणि कुंपणाच्या झटका यंत्राला तिने शक्ती पुरविली. २०१५ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने ई-रिक्षाला कायदेशीर मान्यता मिळाल्यावर अकोला व अमरावती या शहरांत ती प्रवासी वाहतुकीचेही साधन झाली.

या बॅटरीच्या मर्यादा तिच्या रसायनातच आहेत. १२ व्होल्ट, १०० ॲम्पियर-तास क्षमतेच्या बॅटरीचे वजन साधारणतः २८ ते ३० किलो भरते. तीत १२०० वॅट-तास ऊर्जा मावते, परंतु आयुष्य टिकवायचे असेल तर निम्मीच, म्हणजे ६०० वॅट-तास, वापरावी लागते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ती फार दिवस ठेवल्यास पट्ट्यांवर सल्फेट जमून ती निकामी होते.

लिथियमचे आगमन

लिथियम बॅटरीचा पाया १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी घातला. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र सुचविला, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी सुरक्षित नमुना तयार केला आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. वाहन व मुक्काम यांच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचा टप्पा १९९७ चा आहे. त्या वर्षी टेक्सास विद्यापीठात गुडइनफ आणि भारतीय संशोधक अक्षय पाढी व त्यांचे सहकारी यांनी लोह फॉस्फेटवर आधारित धनाग्राविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. हा प्रकार कोबाल्टयुक्त प्रकारापेक्षा किंचित जड असला तरी उष्णतेत अधिक स्थिर असतो.

फरक आकड्यांनी स्पष्ट होतो. १०० ॲम्पियर-तासांची लोह फॉस्फेट बॅटरी सुमारे ११ ते १३ किलोची असते. तिचे चार घट मिळून १२.८ व्होल्ट, म्हणजे १२८० वॅट-तास होतात व त्यांपैकी ८० टक्के, १०२४ वॅट-तास, निर्धास्तपणे वापरता येतात. ९ वॅटचे दोन दिवे आणि २८ वॅटचा एक पंखा दहा तास चालविल्यास ४६० वॅट-तास खर्च होतात. अर्थात शिसे-आम्ल बॅटरीवर जेमतेम एक रात्र निघते, तर निम्म्याहून कमी वजनाच्या लिथियम बॅटरीवर दोन रात्री. दिवसा सौर पट्टीने ती भरता आली, तर जंगलातील संरक्षण कुटीला तारेची वाट पाहावी लागत नाही. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प घोषित झालेल्या मेळघाटात या गोष्टीचे मोल विशेष आहे.

वाहनावर भरताना मात्र सावधगिरी लागते. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने ती अल्टरनेटरमधून प्रचंड प्रवाह खेचते व अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये प्रवाह मर्यादित करणारा चार्जर बसवावा लागतो. घटांवर लक्ष ठेवणारे नियंत्रक मंडलही अनिवार्य ठरते. डिस्टिल्ड वॉटर घालून आणि तारांची टोके घासून बॅटरी सांभाळणाऱ्या कारागिराचे ज्ञान येथे पुरेसे पडत नाही.

उष्णतेची कसोटी

थंड देशांत लिथियम बॅटरीसंबंधीची मुख्य चिंता गोठणबिंदूखाली ती भरण्याची असते. वऱ्हाडात प्रश्न नेमका उलट आहे. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच भराव्यात असे निर्माते सांगतात. अकोल्यात मे महिन्यात सावलीतील पाराच ही मर्यादा ओलांडतो. मे २०२४ मधील उष्णतेच्या लाटेत तर जिल्हा प्रशासनाला कलम १४४ अन्वये आदेश काढावे लागले. उन्हात उभ्या बंद वाहनात याहून कितीतरी अधिक उष्णता साठते. म्हणजे चिखलदऱ्याच्या सुमारे ११०० मीटर उंचीवर जे साधन निश्चिंतपणे चालते, तेच पायथ्याच्या सपाटीवर दुपारी भरणे अयोग्य ठरते.

ही शंका केवळ पुस्तकी नाही. एप्रिल २०२२ मध्ये नाशिक येथे मालवाहू गाडीतील विजेच्या २० स्कूटरांना आग लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसई येथे घरात भरावयास ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा मृत्यू झाला. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्र शासनाने वाहनांच्या बॅटरीसंबंधीची सुरक्षा मानके अधिक कठोर केली.

विल्हेवाटीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. २००१ च्या नियमांनी शिसे-आम्ल बॅटरी परत घेण्याचे बंधन घातले. जुन्या शिशाला भंगारात भाव असल्यामुळे ती बॅटरी परत जाते हे खरे, पण उघड्या भट्टीत वितळविलेले शिसे माती व माणूस दोघांनाही बाधते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सर्व प्रकारांची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तथापि, ज्या वस्तूला भंगारवाला भाव देत नाही, ती परत जाईलच असे गृहीत धरता येत नाही.

निष्कर्ष

कंदिलाने वऱ्हाडातील माणसाला रॉकेलाशी, सेलने बाजाराशी, शिसे-आम्ल बॅटरीने तालुक्याच्या दुकानाशी आणि लिथियमने दूरच्या कारखान्याशी बांधले. ओझे कमी होत गेले, तसतसे दुरुस्तीचे ज्ञान गावापासून दूर गेले. यावर उपाय म्हणजे तंत्रज्ञान नाकारणे नव्हे. उष्णतेत स्थिर राहणाऱ्या लोह फॉस्फेट प्रकाराची निवड, सकाळी किंवा सायंकाळी भरण्याची शिस्त, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून नव्या कारागिरांची घडण आणि तालुका पातळीवर जुन्या बॅटऱ्यांचे संकलन या चार गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत. जागलीवरच्या शेतकऱ्याला आणि जंगलातील वनरक्षकाला ही वीज सुरक्षितपणे वापरता आली, तरच तिचे वऱ्हाडातील आगमन सार्थ ठरेल.