पालघरवरून गेलेली रेघ

आमच्या वर्गात स्थानिक इतिहासाचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास पुढे येतात : १७३९ मधील चिमाजी अप्पांची वसईची मोहीम आणि १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरात झालेला गोळीबार. त्यानंतर मुले गप्प होतात. गाड्या इथून जातात, इतिहासही इथून नुसता जातो, अशी त्यांची समजूत. ही समजूत सर्वस्वी चुकीची नाही. पण एखाद्या ठिकाणावरून ‘जाणे’ म्हणजे काय, याचा विचार मात्र आपण पुरेसा केलेला नाही, असे आम्हांला वाटते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पहाटे निघाले. पस मॉथ जातीचे एका इंजिनाचे छोटे विमान, सोबत सुमारे २५ किलो टपाल, ताशी साधारण १६० किलोमीटरचा वेग. अहमदाबादेत बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले पेट्रोल भरून ते दुपारी दोनच्या सुमारास जुहूला उतरले. तेथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. भारतीय टपाल विमानसेवेचा हा आरंभ सर्वांना ठाऊक आहे आणि तो बहुधा साहसकथा म्हणूनच सांगितला जातो. परंतु विमानात दिशा सांगणारे रेडिओयंत्र नाही, वाटेत मार्गदर्शक दिवा नाही, अशा प्रवासात साहसाचा भाग लहान आणि आखणीचा भाग मोठा असतो.

ही आखणी कशी असते? आम्ही विद्यार्थ्यांना नकाशावर अहमदाबाद ते जुहू सरळ रेघ ओढायला सांगितली. अंतर भरले सुमारे ४४० किलोमीटर; म्हणजे पस मॉथच्या वेगाने पावणेतीन तास. रेघ जवळजवळ थेट दक्षिणेकडे उतरते आणि (मुलांना याचे फार नवल वाटले) बोईसर व पालघर या स्थानकांच्या पूर्वेस अवघ्या तीन-चार किलोमीटरवरून जाते. त्या दिवशी विमान नेमके याच रेघेवरून गेले असे आमचे म्हणणे नाही. पण आखणीचा आरंभ अशाच रेघेने होतो.

त्यानंतर वाऱ्याचा हिशोब येतो. पूर्वेकडून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल आणि वैमानिकाने विमानाचे नाक नुसते दक्षिणेकडे धरून ठेवले, तर पावणेतीन तासांत तो सुमारे ४० किलोमीटर पश्चिमेला सरकेल. जुहूऐवजी खाली अरबी समुद्र दिसेल. म्हणून नाक आधीच थोडे वाऱ्याकडे वळवायचे आणि ठरावीक मिनिटांनी जमिनीवरची एखादी ओळखीची खूण पडताळायची. खूण वेळेवर आली तर गणित बरोबर, नाही तर तिथल्या तिथे दुरुस्ती.

आणि खुणांच्या बाबतीत आपला पट्टा श्रीमंत आहे. पश्चिमेला किनारा, त्याला जवळजवळ समांतर धावणारा लोहमार्ग, पूर्वेला डहाणूजवळचा महालक्ष्मीचा सुळका, मग अशेरी, पालघरजवळचा काळदुर्ग, आणि शेवटी वैतरणेची रुंद खाडी. समुद्रावर असलेले आपले कोळी बांधव किनाऱ्यावरच्या डोंगरांवरून आपली जागा ओळखतात. वैमानिक तेच ज्ञान वरून वापरतो. पालघर ओलांडले की जुहू सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे पंचवीस मिनिटे. एवढ्या वेळेचे इंधन उरले आहे का, पुढे धुके दिसले तर माघारी कुठे वळायचे, हे प्रश्न इथे येऊन सुचले तर उशीर झालेला असतो. त्यांची उत्तरे निघण्यापूर्वीच कागदावर असावी लागतात.

आखणीत अनपेक्षितालाही जागा ठेवावी लागते. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड-भारत एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस ठेवले होते. कराचीहून निघालेले जेआरडी आणि इंग्लंडहून निघालेला सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर यांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पीजवळ स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग दिले. बक्षीस अस्पीला मिळाले. पुढे तो भारताचा वायुसेनाप्रमुख झाला. या कथेतील उदारपणा आपण वाखाणतो. पण उदार होता आले, कारण एकाने जादा प्लग बांधून घेतले होते, हेही ध्यानात घ्यावे.

आजही खासगी वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्याला एकट्याने १५० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचे उड्डाण करून वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून दाखवावे लागते. उपग्रहाने जागा सांगण्याच्या काळातही त्याला नकाशा, वारा आणि इंधन यांचा हिशोब शिकवला जातो. त्यात आता हवाई संरक्षणाची परवानगी आणि मनाई असलेल्या आकाशाचा अभ्यास यांची भर पडली आहे. १९३२ साली तारापूर म्हणजे किल्ला आणि मासेमारी. १९६९ पासून तेथे अणुवीजकेंद्र आहे. जुनी खूण म्हणून जिकडे पाहायचे, तिकडे जाण्यापूर्वी आता नियम पाहावे लागतात.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित या तरुण वैमानिकेने त्या पहिल्या उड्डाणाच्या स्मरणार्थ भूजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत हलके विमान नेले, तेही जीपीएसच्या मदतीवाचून. एकोणनव्वद वर्षांनंतरही किनारा, रूळ आणि डोंगर तेच काम करीत होते.

आमच्या विद्यार्थ्यांना म्हणूनच एवढेच सांगावेसे वाटते : इथे कोणी उतरले नाही, हे खरे. पण जो वरून गेला त्याला आपली गावे, खाड्या आणि सुळके निघण्यापूर्वी पाठ करावे लागले असणार. स्थानिक इतिहास लिहिताना निदान तेवढा गृहपाठ आपणही करायला हवा.