इब्सेनचे व्याही आणि मराठी रंगभूमी

मराठी रंगभूमीच्या पाश्चात्त्य वळणाचा विषय निघाला कीं इब्सेनचें नांव घेण्याची आपली रीत आहे. परंतु १ जुलै १९३३ रोजीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें रंगभूमीवर आणलेलें पहिलें नाटक, श्री. वि. वर्तकांचें 'आंधळ्यांची शाळा', हें इब्सेनवरून नव्हे, तर नॉर्वेच्याच ब्यर्नसनच्या १८८३ मधील 'हातमोजा' या नाटकावरून घेतलेलें होतें. (हे दोघे पुढें व्याही झाले, इब्सेनचा मुलगा ब्यर्नसनचा जावई!)

मोजकीं पदें, घरगुती वळणाचे संवाद, स्त्रीभूमिकेंत ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या स्त्रिया, या नव्या गोष्टींची थोरवी आपण अजून गातों. मूळ नाटकांतला प्रश्न मात्र मागें पडला. वाङ्निश्चयानंतर वराचें पूर्वीचें प्रेमप्रकरण कळतांच नायिका स्वाव्हा त्याच्या तोंडावर हातमोजा फेकते. जी शुचिता वधूकडे मागतां ती वराकडे कां नाहीं, असें तिचें विचारणें आहे.

धरणगांवीं शिक्षक असतांना सोयरिकीच्या चौकशीस पालक मजकडे येत. मुलींच्या वर्तनाविषयीं ते तासभर विचारीत. मुलाविषयीं मार्कांपलीकडे कोणी विचारलेलें मला आठवत नाहीं.