टोकियोतला कोरियन कादंबरीकार : ई ग्वांग-सू



टोकियोत सुइदोबाशी स्टेशनाजवळ कोरियन वायएमसीएची इमारत आहे. दारात एक स्मारकशिळा आहे. जिंबोचोला (आपला अप्पा बळवंत चौकच तो!) जुनी पुस्तके धुंडाळायला जाणारे आपण तिच्या जवळूनच जातो. ती शिळा ज्या जाहीरनाम्याची आठवण म्हणून आहे, त्याचा मसुदा ई ग्वांग-सू या कादंबरीकाराने लिहिला होता.

त्यांचा जन्म 1892 चा, उत्तर कोरियातल्या आजच्या जोंगजू भागातला. लहानपणीच कॉलऱ्याने आई-वडील गेले. 1905 साली शिष्यवृत्तीवर ते जपानला आले आणि मेइजी गाकुइन शाळेत शिकले. त्यांची पहिली छापील कथा 1909 ची, शाळेच्या मासिकातली, आणि तीही जपानीत! मायदेशी काही वर्षे शिक्षकी करून 1915 साली ते पुन्हा टोकियोला, वासेदा विद्यापीठात आले.

तिथे शिकत असतानाच लिहिलेली 'मुजोंग' ही कादंबरी 1917 साली सोलच्या एका दैनिकातून क्रमशः आली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून येत, तसेच. इंग्रजीचा एक तरुण मास्तर, त्याच्या जुन्या गुरूची नायकिणीचे जिणे नशिबी आलेली मुलगी, आणि एका श्रीमंताची शिकलेली कन्या, अशी ही गोष्ट. कोरियनमधली पहिली आधुनिक कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक हिचेच नाव घेतात.

8 फेब्रुवारी 1919 रोजी कोरियन विद्यार्थ्यांनी टोकियोच्या वायएमसीएत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. पोलीस आले, धरपकड झाली. मसुदा लिहिणारे ई त्याआधीच शांघायला निघून गेले होते. तीनच आठवड्यांनी, 1 मार्चला, सगळा कोरिया रस्त्यावर आला. शांघायमध्ये त्यांनी हंगामी सरकारचे वृत्तपत्र चालवले.

इथवरची कहाणी सांगायला सोपी आहे.

1921 साली ते कोरियात परतले. पोलिसांनी धरले, पण लगेच सोडले, आणि लोकांच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्याच वर्षी 'आधी राष्ट्राचा स्वभाव सुधारा' अशा अर्थाचा त्यांचा लेख आला आणि खूप टीका झाली. (आधी सामाजिक की आधी राजकीय, हा आगरकर-टिळकांचा वाद आठवतो, पण टिळक-आगरकरांवर असा संशय कोणी घेतला नाही.) 1937 साली पुन्हा अटक झाली. त्यानंतर ते उघडपणे जपानच्या बाजूने गेले. 1940 साली त्यांनी कायामा मित्सुरो हे जपानी नाव घेतले. 1943 साली ते टोकियोला आले ते कोरियन विद्यार्थ्यांना जपानी सैन्यात भरती व्हा, असे सांगायला! सोबत होते 1 मार्चचा जाहीरनामा लिहिणारे चोए नाम-सॉन.

दबावाखाली केले, की पटून? कोरियात अजून एकमत नाही. मला वाटते, दोन्ही. पण सैन्यात गेलेल्या पोरांच्या आई-बापांना त्याने काय फरक पडणार होता?

1949 साली देशद्रोहाच्या चौकशीत त्यांना अटक झाली, मग सुटका. 1950 च्या युद्धात उत्तरेच्या सैन्याने त्यांना पकडून नेले आणि त्याच वर्षी ते वारले. 'मुजोंग' इंग्रजीत मिळते.