ब्रिटनमधील रशियन स्थलांतरित व त्यांचे वंशज

रशियन साम्राज्य, सोव्हिएत संघ आणि १९९१नंतरचा रशिया यांतून ब्रिटनमध्ये येऊन राहिलेले लोक व त्यांच्या पुढच्या पिढ्या. ‘रशियन’ हा शब्द येथे वंश सांगत नाही, मागे सोडलेले राज्य सांगतो. त्यात लिथुआनियातला ज्यू शिंपी येतो, पीटर्झबर्गचा सरदारपुत्रही येतो, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडण्याचे सहसा कारण नव्हते. राजकीय निर्वासित सर्वांत आधी आले. अलेक्झांडर हर्झेन १८५२मध्ये लंडनला पोचले आणि तेथून त्यांनी ‘कोलोकोल’ हे पत्र काढले. १८८१ ते १९१४ या काळात छळ आणि दारिद्र्य यांना कंटाळून सव्वा ते दीड लाख ज्यू आले. १९१७च्या क्रांतीनंतर आलेला जथा त्या मानाने लहानच, कारण बहुतेकांनी पॅरिस आणि बर्लिन गाठले. शेवटची लाट सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरची. इतक्या विजोड माणसांचा एकत्र इतिहास लिहायचा तर धागा कोणता धरावा? नावांचा धागा सर्वांत उपयोगी पडतो. कोणी नाव टाकले, कोणी राखले आणि कोणी मुद्दाम घेतले, हे पाहिले की ब्रिटिश समाजात रशियनपण कुठे चलनी नाणे होते आणि कुठे ओझे, ते कळते.

व्यापार, नोकरी आणि शेजार यांत ते ओझेच होते. पूर्व लंडनच्या शिंपीकामाच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या ज्यू स्थलांतरितांविरुद्ध इतकी ओरड झाली की १९०५मध्ये परकीयांच्या प्रवेशावर बंधने घालणारा कायदा झाला. १९००मध्ये आलेला मेशे डेव्हिड ओसिन्स्की पुढे माँटेग्यू बर्टन झाला आणि सूट विकणारी त्याची दुकाने गावोगाव उभी राहिली. अभिनेत्री हेलन मिरेन यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात झारच्या सैन्यासाठी शस्त्रखरेदीला आले होते. क्रांती झाली आणि ते येथेच अडकले. त्यांच्या मुलाने लंडनमध्ये टॅक्सी चालवली आणि १९५०च्या दशकात घराण्याचे मिरोनॉफ हे आडनाव मिरेन करून घेतले.

बॅलेच्या रंगमंचावर मात्र गंगा उलटी वाहिली. सेर्गेई दिआगिलेव्ह यांच्या मंडळीने १९११मध्ये लंडन जिंकले आणि नर्तकी म्हटली की ती रशियनच, असा प्रेक्षकांचा ग्रह झाला. मग हिल्डा मुनिंग्स ही इंग्रज मुलगी आधी मुनिंग्सोव्हा झाली, आणि तेही पुरेसे रशियन वाटेना म्हणून लिडिया सोकोलोव्हा. लंडनमध्ये जन्मलेली लिलियन अ‍ॅलिशिया मार्क्स वयाच्या चौदाव्या वर्षी अ‍ॅलिशिया मार्कोव्हा झाली, तर पॅट्रिक हीली-के हा अँटन डोलिन. हा बहुरूप्याचा खेळ वाटेल, पण नावांच्या मागोमाग विद्याही आली. मारिइन्स्की नाट्यगृहातले निकोलाय सेर्गेयेव्ह यांनी रशिया सोडताना नृत्यरचनांच्या वह्या सोबत आणल्या होत्या. त्यांतली लिपी संगीताच्या स्वरलेखनावर बेतलेली होती. पाय, हात आणि धड यांसाठी वेगवेगळ्या ओळी, आणि त्या ओळींवर सुरांच्या खुणांसारख्या खुणा. या वह्यांवरून निनेट द व्हॅल्वा यांच्या मंडळीने १९३४मध्ये ‘जिझेल’ आणि ‘स्वान लेक’ उभी केली आणि दोन्हींत मार्कोव्हा नाचली. द व्हॅल्वा स्वतः दिआगिलेव्हकडे नाचलेल्या. रशियन नर्तकी तमारा कार्साव्हिना लंडनमध्ये स्थायिक होऊन शिकवत होत्या. द व्हॅल्वा यांच्या मंडळीचेच पुढे रॉयल बॅले झाले. तिची पुढची तारका पेगी हूकम. तिने नाव घेतले मार्गो फाँटेन, आईच्या ब्राझिली माहेराच्या आडनावावरून. ब्रिटिश बॅले स्वतःच्या पायावर उभे राहिले होते, आता ‘-ओव्हा’ची गरज उरली नव्हती.

यावर आक्षेप असा की नावे सगळेच निर्वासित बदलतात. जर्मनद्वेषाच्या लाटेत खुद्द राजघराण्याने १९१७मध्ये विंडसर हे नाव घेतले. हे खरे आहे, पण यजमानांनी पाहुण्यांची नावे घ्यावीत हा प्रकार विरळा, आणि मुद्दा तोच आहे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ही बाब रशियनपणाची नसून ज्यू असण्याची आहे, आणि बर्टन यांनी लपवले ते ज्यूपण. काही अंशी ते मान्य करावे लागते. तरी मिरोनॉफ ज्यू नव्हते. आणि लिलियन मार्क्स ही ज्यू मुलगी रशियन नावाखालीच कीर्ती पावली, म्हणजे तिच्या बाबतीत ज्यू नावापेक्षा रशियन नाव वरचढ ठरले. लेव्ह विनोग्राड्स्की हे आणखी बोलके उदाहरण. दक्षिण युक्रेनमध्ये जन्मलेला हा मुलगाही नर्तकच, १९२६चा चार्ल्स्टन-विजेता. पण चार्ल्स्टनला रशियन नाव नको होते. तो लू ग्रेड झाला, पुढे दूरचित्रवाणीचा सम्राट आणि उमरावही. रंगमंच तोच, पण नाच बदलला आणि नावाचा भावही बदलला. राजकीय निर्वासितांचा हिशेब मात्र वेगळा. पीटर क्रोपोटकिन तीस वर्षे इंग्लंडमध्ये राहिले ते परतण्याच्या आशेवर, आणि १९१७मध्ये ते परतलेही. अशांना नाव टाकून चालणार नव्हते. (लेनिन यांनी १९०२मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जेकब रिश्टर हे नाव लावले, पण ते पोलिसांना चुकवण्यासाठी.)

खेळात दोन्ही वृत्ती एकाच वेळी दिसतात. राजपुत्र अलेक्झांडर ओबोलेन्स्की यांना इंग्लंडच्या रग्बी संघात घेतले तेव्हा त्यांच्या रशियन जन्मावरून कुजबुज झाली. ४ जानेवारी १९३६ रोजी ट्विकनम येथे त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध दोन ट्राय केले, इंग्लंड १३–० जिंकले आणि त्याच जन्माचे कौतुक सुरू झाले. १९४०च्या मार्चमध्ये हरिकेन विमानाच्या सरावात ते मरण पावले, तेव्हा त्यांचे वय २४ होते.

अलीकडच्या लाटेत नाव बदलण्याची निकड दिसत नाही. मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलत एका अणूच्या जाडीपर्यंत पोचणारे आंद्रे गाइम आणि कॉन्स्टांटिन नोव्होसेलोव्ह यांना २०१०चे नोबेल आणि नंतर ‘सर’ हा किताब मिळाला, तो मूळ नावांनीच. पैसेवाल्यांनाही नाव आड आले नाही. रोमान अब्रामोविच यांनी २००३मध्ये चेल्सी क्लब घेतला, आणि २०२२मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर निर्बंध आल्यावर तो विकला गेला. येवगेनी लेबेदेव्ह २०२०मध्ये उमराव झाले. त्यांच्या पदवीत दोन ठिकाणे आहेत, हॅम्प्टन आणि सायबेरिया.