शरणार्थी आणि पुरुषार्थी

परमुलखातून येऊन दुकान थाटणारा मनुष्य भरभराटीस आला, म्हणजे आपल्याकडे दोन उद्गार हटकून ऐकू येतात. ‘नशिबाचा धनी!’ हा एक आणि ‘भारी धूर्त!’ हा दुसरा. पहिल्याने त्याच्या श्रमांची किंमत शून्य होते, दुसऱ्याने सचोटीची. आणि दोहोंनी आपले विचार करण्याचे कष्ट वाचतात. आमच्या वांद्र्यात स्थिरावलेल्या सिंधी समाजाच्या उदाहरणावरून या प्रश्नाची थोडी छाननी करावी, असे आम्हांस वाटते.

सिंध प्रांत इंग्रजांनी १८४३ साली जिंकला, १८४७ साली मुंबई इलाख्यास जोडला आणि १९३६ साली पुन्हा निराळा केला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे कराची आणि मुंबई या एकाच इलाख्यातील नगरी होत्या. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंग्यानंतर, सिंधमधील हिंदू आगबोटींनी मुंबईस येऊ लागले. पंजाब्यांस निदान अर्धा पंजाब तरी उरला. यांस वितभरही मुलूख उरला नाही. कित्येक कुटुंबे कल्याणनजीकच्या लष्करी बराकींत राहिली. त्या छावणीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. काहींनी वांद्रे-खार भागात बिऱ्हाडे केली. लोक त्यांस ‘शरणार्थी’ म्हणत. ते मात्र स्वतःस ‘पुरुषार्थी’ म्हणवीत.

या पुरुषार्थाचे घटक कोणते? पहिला, पूर्वीच्या मानमरातबाचे ओझे उतरवून ठेवण्याची तयारी. हैदराबाद-सिंधमधील हिंदूंत भाईबंद हे व्यापारी, तर अमील हे सरकारी नोकरीपेशाचे. परंतु या आपत्तीत तो भेद फार काळ टिकला नाही. बायकांनी पापड लाटले, मुलांनी लोकल गाड्यांतून किरकोळ जिन्नस विकले, आणि त्यात कोणी कमीपणा मानला नाही.

दुसरा गुण, थोड्या नफ्यावर समाधान. रुपयामागे दोन आणे धरून महिन्यातून एकदा माल खपविणाऱ्यास दोनच आणे मिळतात. एकाच आण्यावर तोच रुपया तीनदा फिरविणाऱ्यास तीन मिळतात. हिशेब सोपा आहे. पण तो आचरण्यास धीर लागतो.

तिसरा गुण, दिलेला शब्द पाळणे. शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या एके काळी मध्य आशियापर्यंत चालत. हैदराबादच्या ‘सिंधवर्की’ व्यापाऱ्यांच्या पेढ्या ईजिप्तपासून जपानपर्यंत पसरल्या होत्या. जमीन मागे राहिली, वाडे मागे राहिले. पत मात्र मनुष्याबरोबर आली.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आम्हांस मान्य आहे. पत हा एकट्याचा गुण नव्हे. विश्वास ठेवणारा दुसरा कोणी असल्याखेरीज ती संभवत नाही. ज्याचा चुलता सिंगापुरात होता त्यास उधारीवर माल मिळाला. काहींस १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पुनर्वसन वित्त संस्थेकडून कर्ज मिळाले. ज्यांस यांपैकी काहीच लाभले नाही, ते तितकेच कष्टाळू असूनही बराकीतच राहिले असतील. यशाचा इतिहास आपण दुकानांच्या पाट्या वाचून लिहितो. ज्यांची पाटी कधी लागलीच नाही, त्यांचा उल्लेख त्यात येत नाही.

या परस्पर विश्वासाचा पुरावा पाहावयाचा तर वांद्र्याचे नॅशनल कॉलेज पाहावे. ते १९२२ साली हैदराबाद-सिंधमध्ये निघाले. फाळणीने उखडले गेले आणि प्राचार्य कुंदनानी व बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्या उद्योगाने १९४९ साली वांद्र्यात पुन्हा उभे राहिले. स्वतःच्या डोक्यावर धड छप्पर नसताना ज्यांनी मुलांसाठी कॉलेज उभारले, त्यांस केवळ धूर्त म्हणणे आमच्या जिवावर येते.

आमचे मराठी विद्यार्थी पुष्कळदा तक्रार करितात की, बाजार परक्यांनी बळकावला. दुकानाची पायरी स्वतः झाडण्याची तुमची तयारी आहे काय, असे आम्ही त्यांस विचारीत असू. पुढे आमच्याच भाच्याने दुकानासाठी थोडे भांडवल मागितले, तेव्हा आम्ही त्यास बँकेच्या नोकरीची परीक्षा देण्याचा उपदेश केला, आणि पैसे मुदतीच्या ठेवीत ठेविले. मुलगा मेहनती होता, शब्दाचा पक्का होता. त्याच्या ठायी काही उणे नव्हते. उणे होते ते त्याच्या मामाच्या ठायी. तेव्हापासून वर्गात तो प्रश्न विचारण्याचे आम्ही सोडून दिले आहे.