चुलीपुढची फरशी

इ. स. १७३५ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' या वृत्तपत्रात शहरातील आगींविषयी एक पत्र छापून आले. ते एका वृद्ध, हात अधू झालेल्या नागरिकाने लिहिले आहे, असा त्याचा थाट होता. वस्तुतः लेखक होता त्या वृत्तपत्राचाच मालक, एकोणतीस वर्षांचा बेंजामिन फ्रँक्लिन.

त्या काळच्या घरांत भिंतीतील चुलीपुढे विटांची अथवा दगडाची फरशी असे आणि तिच्या पलीकडे सारी जमीन लाकडी फळ्यांची. ही फरशी अरुंद ठेवण्यास आणि चुलीच्या दोन्ही अंगांना राळेने भरलेल्या पाइन लाकडाच्या पट्ट्या ठोकण्यास कायद्याने मनाई करावी, असे फ्रँक्लिनने सुचविले. एखादे जळते लाकूड गडगडले की पट्ट्या पेटायला सज्जच! फावडेभर निखारे या खोलीतून त्या खोलीत नेण्याच्या सवयीलाही त्याने दोष दिला. कारण फटीत पडलेली ठिणगी मध्यरात्रीपर्यंत कोणाला दिसतसुद्धा नाही. सारवलेल्या जमिनीवर चूल मांडणाऱ्या आपल्याकडच्या गृहिणीला हे भय फारसे ठाऊक नव्हते. पुढे १७७४ च्या लंडनच्या बांधकाम कायद्याने चुलीपुढील फरशी निदान १८ इंच रुंद असलीच पाहिजे, असे ठरविले.

दरम्यान १७४४ मध्ये फ्रँक्लिनने आपल्या नव्या लोखंडी शेगडीची माहिती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. तिचे एकाधिकारपत्र मात्र त्याने नाकारले, हे त्याला शोभणारेच होते. अशा शेगड्यांचा प्रसार झाला, तसा विस्तव भिंत सोडून खोलीत आला आणि जुनी फरशी अपुरी पडू लागली. अमेरिकेत पुष्कळ घरी शेगडी हिवाळ्यापुरती मांडून वसंतात काढून ठेवीत. तेव्हा तिच्याखालची सोयही तात्पुरतीच असे. दुकानांतून वाळूने भरलेली उथळ लाकडी पेटी शेगडीखाली ठेवीत. साधा, पण शहाणपणाचा उपाय.

नुसता लोखंडी पत्रा अंथरणे हा मात्र भ्रम होय. पत्रा ठिणगी अडवितो, उष्णता अडवीत नाही. महिनोन्‌महिने तापलेले लाकूड आतून वाळते, काळवंडते आणि अखेर पूर्वीपेक्षा कमी उष्णतेवर पेट घेते. म्हणून पायांवर उभ्या राहणाऱ्या शेगडीखाली पोकळ विटा एकमेकींस अशा लावतात की त्यांच्या भोकांतून वारा आरपार खेळावा. पत्रा त्यांच्यावर येतो. तोंडाकडची बाजू अधिक पुढे काढावी लागते, कारण दार उघडताच निखारे तेथेच सांडतात. शिवाय बिडाच्या शेगडीचे व विटांचे ओझे निराळेच. ते फळ्यांवर न टाकता खालच्या अनेक तुळयांवर वाटले जाईल असे पाहावे लागते, आणि तुळया बारीक असल्या तर तळघरात टेकूचा खांब उभा करूनच शेगडी आत आणावी लागते.